खरा चोर कोण, हे कुत्र्यानं ठरवलं

दुसरा चावा पहिल्यापेक्षा खोल बसला. आमच्या मालकांच्या उजव्या मनगटावरून रक्त ओघळत होतं आणि तो कुत्रा दोन पावलांवर उभा राहून त्यांच्याकडेच बघत होता. भुंकत नव्हता. धाकट्या दिरांनी दोर ओढून त्याला पिंजऱ्यात घातलं. मी फाटकाची कडी लावली, मग नळाखाली हात, साबण, स्वच्छ फडकं, गाडीची किल्ली. घाबरायला सवड मिळाली ती आष्ट्याच्या दवाखान्यात, टाके घालताना.

मालक फौजेत कुत्र्यांच्या पथकात होते. निवृत्तीनंतर उसाच्या कडेला मोकळ्या तुकड्यावर जाळी मारून ते राखणीची कुत्री तयार करतात. दीर हातावर तागाची जाड, भरीव बाही चढवून चोर होतात. कुत्र्यानं बाही धरायची, मालकांनी सोडवायची. खाणं, लसी, वेळापत्रक आणि गिऱ्हाइकांचे फोन माझ्याकडे.

हा काळ्या तोंडाचा, अजून पुरता वयात न आलेला नर विट्याच्या एका गिऱ्हाइकासाठी होता. त्यांचं सोनं गाळायचं दुकान दूर तमिळ मुलखात, आणि विट्याच्या घरी म्हातारी आई एकटी. कुत्र्याचा दोर त्या आईच्या हातात जायचा होता.

दवाखान्यातून परतताना मालक म्हणाले, "सोमवारी डाक्टरला बोलव."

लस टोचायला नव्हे, कुत्र्याला कायमचं झोपवायला, हे मला कळलं. आपल्याच माणसावर दोनदा उलटलेला कुत्रा ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. पहिल्या चाव्यानंतर त्यांनीच तो मला सांगितला होता, आणि नियम मोडणारा माणूस तो नव्हे.

मला आधी सगळं ओळीनं लावावं लागतं. मी विचारलं, पहिल्यांदा चावला तेव्हा काय करत होतात? बाही सोडवत होतो, म्हणाले. आणि आज? म्हणाले, तेच.

आज काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. गिऱ्हाईक गावच्या यात्रेला आलेलं, बरोबर मेहुणे, साडू, त्यांचे मित्र. आमच्याकडे नवा बैल असो की ट्रॅक्टर, पाहुण्यांना चालवून दाखवावा लागतो. तसा त्यांना कुत्रा चावताना बघायचा होता. जाळीला लागून सगळे उभे, छू-छू करत, मोबाईल वर धरून. एकदा झालं की मालकांना म्हणत, मेजर, अजून एकदा. प्रत्येक वेळी मालकांनी पट्टा मुठीत धरून कुत्र्याचे पुढचे पाय जमिनीवरून उचलले, श्वास कोंडेपर्यंत. बाही सुटली की पाहुणे खूश. शेवटच्या वेळी बाही सुटली आणि कुत्रा तसाच मागं वळला.

रात्रीच्या जेवणाला दीर आले. भावाचा बांधलेला हात बघून म्हणाले, "वहिनी, चोराचा पगार मी घेतो, पर कुत्र्यानं खरा चोर बरोबर वळखला बगा. बाही काडून कोन नेतंय? दादाच."

मी हसले. मालक हसले नाहीत. भाकरीचा तुकडा त्यांनी ताटात ठेवला.

"फौजेत कवा असं करत नव्हतो," ते म्हणाले. "तिकडं खायाला मीच घालायचो, अंग मीच पुसायचो. हितं माजा हात त्येच्या गळ्यापाशी जातो त्यो निस्ता आवळाया. पाव्हण्यांम्होरं घाई केली."

रविवारी सकाळी मी फाटकाला कुलूप घातलं. फोन बंद. कुत्र्याला नेहमीच्या दोरासोबत आणखी एक लांब दोर बांधला, तो लोखंडी खांबाला वेढा देऊन माझ्या हातात ठेवला. उलटला तर ओढून धरायचं काम माझं. मालकांच्या हाताला टाके होते. तिसरा चावा त्याच जागी बसला असता तर बोटं कामाची राहतील की नाही, याची मला खात्री नव्हती.

दिरांनी बाही पुढे केली. कुत्र्यानं झेप घेऊन धरली. या वेळी दिरांनीच हात आतून काढून घेतला आणि बाही त्याच्या तोंडात राहू दिली. मालकांनी पट्ट्याला हात लावला नाही. दोर सैल सोडून ते नुसते चालू लागले. कुत्रा बाही घेऊन त्यांच्या कडेनं फिरू लागला, मान वर, शेपूट वर.

एका फेरीनंतर मालक थांबले. तिरके उभे राहिले आणि बांधलेला हात खालून, कुत्र्याच्या छातीखाली नेला.

कुत्रा गुरगुरला. तोंडात बाही असूनही आवाज मला जाळीपाशी ऐकू आला. त्याची नजर हातावर होती. मी दोर आवळला.

"वडू नगं," मालक माझ्याकडे न बघता म्हणाले.

हातातला दोर सैल सोडणं माझ्या स्वभावात नाही. तरी सोडला. गुरगुर चालूच होती. मालकांचा हात छातीवर सावकाश फिरत राहिला, गळ्याकडे गेलाच नाही. मग गुरगुर तुटक झाली आणि थांबली. मालकांनी आधी स्वतःचा हात काढून घेतला. मग कुत्र्यानं आपण होऊन बाही टाकली आणि दिरांकडे बघितलं, पुन्हा एकदा धरू दे म्हणून.

डॉक्टरांना मी सोमवारी येऊ नका म्हणून कळवलं. संध्याकाळी विट्याहून फोन आला. सुट्टी संपत आली, कुत्रा कधी न्यायचा, आईला शब्द दिलाय. मालकांनी फोन माझ्याकडून घेतला.

"ह्यो तुमाला मिळायचा न्हाई," ते म्हणाले. "आवं, माज्याच हाताचा त्येला आजून भरवसा न्हाई, तुमच्या आईच्या हाताचा कसा वाटंल? दुसरं पिल्लू तयार करतो. येळ लागंल. आन् बगाया येताना एकट्यानं यायचं."

पलीकडून बरीच बोलणी ऐकावी लागली. ती त्यांनी ऐकून घेतली.

मग मी भाकरी आणि उकडलेल्या अंड्यांचं भांडं त्यांच्या डाव्या हातात दिलं. ते पिंजऱ्यात गेले. मी दार लोटून घेतलं, कडी मात्र लावली नाही, आणि कुत्रा खाऊन होईपर्यंत तिथून हलले नाही.