तात्यांचा अंगठा आणि पानमळ्यातली माती

"तात्या, हा अंगठा काढावा लागणार," आमचे डॉक्टर सर म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला आधी बरंच वाटलं.

तात्या निमगाव केतकीचे, पासष्टीतले, पानमळेवाले. मी बारामतीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात ड्रेसिंगची सिस्टर. बावीस वर्षं शुगरवाल्यांचे पाय धुतेय. माणसाचा अंगठा जाणार म्हणून आनंद व्हायला मी काही राक्षस नाही. मला बरं वाटलं ते मशीन हरलं म्हणून.

मशीन स्नेहलचं. स्नेहल आमच्याकडे आलेली नवी फिजिओथेरपिस्ट, इंदापूरची, तिशीतली. सरांनी तिच्यासाठी ते मागवलं. डब्याएवढं यंत्र, त्याला चार वायरी, वायरींना चिकट पॅड. जखमेच्या आजूबाजूला पॅड लावायचे आणि अगदी मंद, तुटक तुटक करंट सोडायचा. त्यानं तिथलं रक्त जरा बरं फिरतं आणि जखम भरायला हातभार लागतो. 'हातभार' हा शब्द स्नेहलचाच. ती प्रत्येक पेशंटला सांगायची, "खरं काम सिस्टरांच्या ड्रेसिंगचं, गोळ्यांचं आणि चपलेचं. हे नुसतं जोडीला."

पण ऐकतंय कोण? लोकांनी एकच शब्द उचलला, करंट. मी वर्ष वर्ष ज्यांचा पू काढला, मेलेली कातडी कापली, ते पंधरा दिवसांत म्हणायला लागले, "करंटनं लय फरक हाय." माझ्या टेबलावर पाय ठेवून माझ्याच तोंडावर! पूर्वी दारातून हाक यायची, "शिष्टर, हायसा का?" आता यायची, "करंटवाल्या म्याडम आल्या का?" माझा नुसता तिळपापड व्हायचा. घरी नवरा कंटाळला. म्हणाला, "तिचं नाव न काढता एक दिवस जेवून दाखव."

आता तात्यांचा पाय. शुगर फार वर्षं मुरली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा घुसला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो, आणि चालून चालून जखम खोल जाते. तात्यांची जखम अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याला, रुपयाच्या नाण्याएवढी. तिच्यावर भार पडू नये म्हणून आम्ही ऑफलोडिंग सँडल देतो. जाड तळ, आणि जखमेच्या जागी खोलगट भाग. घरातसुद्धा ती काढायची नाही.

तात्या सोमवारी आणि गुरुवारी एसटीनं यायचे, बरोबर काकू. आधी माझ्याकडे ड्रेसिंग सोडायला, मग स्नेहलकडे करंट, मग परत माझ्याकडे पट्टी. जखम निम्म्यावर आली. तात्या खूश. श्रेय कुणाला, ते सांगायला नकोच.

मग जखम अडली. आणि एका गुरुवारी मी पट्टी सोडली तर आतल्या घडीत बारीक काळी माती, आणि वाळलेल्या देठाचा एक तुकडा.

माझं माहेर कळंब. मामांचा पानमळा होता. मळ्यात चप्पल घालून कुणी जात नाही. मालक असो, पाहुणा असो, पानं खुडणारा गडी असो, बांधावर चपला काढायच्या आणि मग आत. देवघरच ते. त्यामुळे माती बघताक्षणी मला सगळं कळलं. तात्या सँडल बांधावर ठेवून रोज मळ्यात अनवाणी फिरत होते.

मी काही बोलले नाही. पट्टी टाकली, जखम धुतली, रजिस्टरला नोंद केली. थोड्या वेळानं स्नेहल आली. "सिस्टर, तात्यांची जखम का अडलीय? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय बाई? मशीन तुमचं."

तिचा चेहरा उतरला. मला गार वाटलं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण वाटलं खरं.

पुढच्या आठवड्यात जखम वाढली. मी सरांना म्हणाले, "करंट लावल्यापासूनच बिघडलंय बघा." हे धडधडीत खोटं होतं. पण बावीस वर्षं काम केलेल्या सिस्टरचा शब्द. सरांनी तात्यांचा करंट बंद केला, बाकीच्यांचाही तूर्त थांबवला. म्हणाले, "स्नेहल, गरज नसेल तर हे परत पाठवू." तिनं वायरी गुंडाळून कपाटात ठेवल्या. त्या दिवशी मी चहात आलं जास्त घातलं आणि सगळ्या स्टाफला पाजला. तिलाही.

करंट बंद होऊन दोन आठवडे झाले तरी जखम वाढतच होती. एक्स-रे काढला. हाडापर्यंत पोचली नव्हती, पण लांबही नव्हती. तेव्हा सर ते अंगठ्याचं बोलले. ऑपरेशन सोमवारी ठरलं.

तात्या टेबलावर बसून होते. काकूंनी पदर तोंडाला लावलेला. सर गेल्यावर तात्यांनी हळूच विचारलं, "शिष्टर, अंगठा न्हाय म्हंजी शिडीवर चढता यील का?"

पानवेल उंच जाते. पानं खुडायला शिडी लागते.

"पायरी अंगठ्यानंच धरतो मी," तात्या म्हणाले. "बारा वर्षाचा होतो तवापासनं. हाताचा अंगठा न्या पायजे तर."

माझं सगळं गार वाटणं तिथंच संपलं. मी खाली बसले. "तात्या, मळ्यात अनवाणी जाता ना?"

"व्हय. मग? मळ्यात काय चपला घालून जायाचं? तुमी कळंबच्या, तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"अहो, सँडल काढायची नाही म्हणून किती वेळा सांगितलं!"

"घरात न्हाय काढत. मळ्यात काढतो, आन हितं तुमच्या दारात काढतो. तुमीच पाटी लावलीया की."

मी दाराकडे बघितलं. 'चपला बाहेर काढाव्यात. आदेशावरून.' अक्षर माझंच. स्वच्छतेसाठी लावली होती. कुणी चपलेनं आत आलं तर मी खेकसते, हे सगळ्या तालुक्याला माहीत. म्हणजे आठवड्यातून दोनदा तो पाय उघडा करून मी फरशीवर चालवत होते, आणि सँडल बाहेर रॅकवर.

पाटी काढली. ती हातात घेऊनच सरांच्या केबिनमध्ये गेले. स्नेहल तिथंच होती. मी मळ्याचं सांगितलं, पाटीचं सांगितलं. "करंटचा दोष नव्हता, सर. मी उगाच बोलले."

सर असे काही तडकले की बाहेरचे पेशंट गप्प झाले.  स्नेहलनं ड्रेसिंगचं रजिस्टर मागून घेतलं आणि तात्यांचं पान काढलं. तिथं माझ्याच हाताची ओळ होती, 'आतल्या पट्टीत माती, देठ.' पुढे तारीख. बावीस वर्षांची सवय, दिसेल ते लिहायचं. मन लबाडी करत होतं तेव्हाही हात इमानदार राहिला होता. तारीख महिन्यापूर्वीची. तिनं ती वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि रजिस्टर मिटून परत दिलं. सरांना ती तारीख तिनं आजतागायत सांगितलेली नाही. तिनं चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

सरांनी ऑपरेशन पुढं ढकललं. तीन आठवडे. गोळ्या बदलल्या, करंट पुन्हा सुरू. "आणि मळा बंद!" सर म्हणाले.

"मळा बंद व्हत न्हाय, सायेब," तात्या म्हणाले.

तोडगा काकूंनी काढला. "नवी कोरी सँडल घ्या. कुठंच घालायची न्हाय, फकस्त मळ्यात. देवाला नवं कापड चालतंय, मग नवी चप्पल का न्हाय चालायची?"

 तात्या म्हणाले, "हळदकुकू लावून घालू."

खरंच लावलं. पुढच्या सोमवारी काकूंनी मोबाईलवर फोटो दाखवला. ऑफलोडिंग सँडल, वर हळदकुंकवाची बोटं, शेजारी बांधावर तात्यांना बसायला खुर्ची. शिडी जखम भरेपर्यंत बंद, हे त्यांनी निमूट ऐकलं. तीन आठवड्यांनी जखम उथळ झाली. चार महिन्यांनी भरली. अंगठा जागेवर आहे.

पाय दाखवायला आले तेव्हा तात्यांनी पानं आणली होती. भलीमोठी जुडी ओल्या फडक्यात गुंडाळलेली. सरळ स्नेहलच्या टेबलावर. "म्याडम, तुमच्या करंटनं वाचिवला बघा अंगठा."

स्नेहल म्हणाली, "तात्या, सिस्टरांनी वाचवला."

"त्या हायतच की," असं म्हणून तात्यांनी त्यातलीच दोन पानं काढून मला दिली.

दोन पानं! माझ्या अंगाचा भडका उडाला. म्हणजे रोग गेलेला नाही माझा. जळते, आजही जळते. फक्त आता पट्टीत माती दिसली की आधी स्नेहलला सांगते, मग जळते.