पुराव्यांची पिशवी

माझे बाबा विद्वान झाले ते गेल्यावर.

जिवंतपणी ते नुसते ‘अभ्यासू’ होते.

कात्रजहून रोज लोणी काळभोरला जाऊन कॉलेजात इतिहास शिकवायचे. घरी पाली ग्रंथ वाचायचे. अधूनमधून सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान असायचं. मी तेव्हा नुकतीच सॉफ्टवेअरमध्ये लागले होते. नव्या स्कूटरवरून मीच त्यांना सोडायचे.

पायाशी जाडजूड पिशवी. ज्या ज्या पुस्तकातलं बोलणार, ती सगळी पुस्तकं त्यात. खुणेला बसची जुनी तिकिटं.

इंट्रो संयोजक काका द्यायचे.

“पहिले वक्ते, थोर विद्वान...” ते फक्त चष्मा घेऊन यायचे.

“दुसरे वक्ते, त्यांच्या समाजातले अभ्यासू कार्यकर्ते...” ते बाबा.

बाबांचं बोलणं संपलं की कुणीतरी हमखास उठायचं. अगदी आदराने विचारायचं, “आपण म्हणता ते नेमकं कुठे लिहिलंय?”

बाबा पिशवीत हात घालायचे आणि पान उघडून दाखवायचे.

पहिल्या वक्त्यांना असं कुणी विचारलेलं मी कधी पाहिलं नाही.

मला भयंकर राग यायचा. एकदा परत येताना म्हटलंच, “बाबा, ते विद्वान आणि तुम्ही अभ्यासू, हे काय आहे?”

“अगं, ज्याच्याकडे कुणी पुरावा मागत नाही तो विद्वान. आपलं आडनाव ऐकलं की मागतात.”

“मग जाता कशाला?”

“मागतात म्हणूनच. तेवढीच चार पानं त्यांच्या नजरेखालून जातात.”

गेल्या वर्षी बाबा गेले. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. माइकवर तेच काका, आता थकलेले.

“एक थोर विद्वान आपल्यातून गेला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या.

कुणीही उठलं नाही.

मी खरंच वाट बघत होते, कुणीतरी उठेल आणि विचारेल म्हणून. पिशवी माझ्या मांडीवर होती. निघताना सवयीने उचलली होती.

इतकी वर्षं हाच शब्द मला बाबांसाठी हवा होता. तो ऐकला आणि मी पिशवी घट्ट धरली. बाबा गेले हे मला तेव्हा कळलं.

आज वर्ष झालं.

अजूनही संध्याकाळी दाराशी पिशवी टेकवल्याचा आवाज येतो. दार उघडते. कुणी नसतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते.

बाबा, आता कुणी काही विचारणार नाही.

पिशवी खाली ठेवा.

जयभीम.