चिमटा काढणारी बायजाआत्या

झोपलेलं तान्हं दिसलं की बायजाआत्या त्याच्या मांडीला चिमटा काढायची. पोर किंचाळलं की समाधानानं पुढं जायची. त्याला आत्ताच कुठं निजवून उठलेली आई चिडली, तर म्हणायची, "रडते ते जगते, बाई. निजलेल्याचंच मले भेव वाटते."

ती आमची नात्याची कोणी नव्हे. अकोल्यात आमच्या शेजारी राहणारी सुईण, सगळी आळी तिला आत्या म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा कापूस सोन्यासारखा विकला जात होता. समुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली होती म्हणे, आणि इथं आमच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. बायका दिवसभर वेचणीला. पोरं गप निजावीत म्हणून जाताना त्यांना अफू चाटवायच्या. अफूची डबी घरोघरी, कोनाड्यात मिठाशेजारीच. कुणाचा अंदाज चुकायचा, आणि पोर उठायचंच नाही. आत्या म्हणे, "लेकरं चुकून मरतात, सुना रागानं, अन् म्हातारे सवयीनं. डबी एकच."

आमच्याकडंही ते झालंच. पुरुष गाड्या घेऊन अमरावतीला गेलेले. दुपारच्या जेवणात वांग्यात मीठ जास्त झालं. सासूबाई बोलल्या, आणि माझी मोठी जाऊ गोदा उठली ती थेट कोनाड्याशी. मी ओरडेपर्यंत डबी रिकामी.

आत्या धावत आली. तिनं गोदाजाऊला रिठ्याचं पाणी पाजून ओकवलं, मग एका बाजूनं तिनं आणि दुसऱ्या बाजूनं मी धरून अंगणातल्या कापसाच्या ढिगाभोवती चालवायला लागलो. झोपली की गेली, एवढंच आत्या सांगत होती. पण गोदाजाऊचे पाय फरफटत होते, डोळे मिटत होते. चिमटेही तिला लागेनात.

सासूबाई पुरत्या घाबरल्या होत्या. मागंमागं चालत, रडत म्हणाल्या, माझी गुणाची पोर, तुझ्यासारखी सून गावात नाही, भाजी अगदी गोड झाली होती. ते ऐकलं आणि गोदाजाऊनं सुखानं मान टाकली.

आत्या सासूबाईंवर उखडली. "गोड बोलून मारता काय तिले? भांडा तिच्याशी. रोज तं लय येते."

सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं. मग कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "मीठ जास्तच होतं. मायनं काई शिकवलंच नाई तुले."

गोदाजाऊचा एक डोळा उघडला.

"माह्या मायचं नाव नोका घेऊ."

आत्या म्हणाली, "हाव, आता चालू द्या."

मग जे भांडण झालं! लग्नातल्या मानपानापासून निघालं ते दिवेलागणीपर्यंत पुरलं. आळी दारात जमली. सासूबाई शिव्या देत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेवटी गोदाजाऊ स्वतःच्या पायांवर उभी राहून हातवारे करू लागली, तेव्हा कुठं आत्यानं तिचा दंड सोडला. जाताना आमची डबी तिनं कमरेला खोचून नेली आणि मला बजावलं, "ह्या घरात भांडण बंद नोको पडू देऊ."

पुढं पुष्कळ वर्षांनी बायजाआत्या झोपेतच गेली. आम्ही तिथं पोचलो तेव्हा बाकीच्या बायका भोवती उभ्या होत्या. गोदाजाऊ पुढं झाली आणि तिनं आत्याच्या दंडाला चांगला करकचून चिमटा काढला. जरा वाट पाहिली. मग दुसऱ्या दंडालाही काढला.

मगच ती रडली.