टाकी उतू गेली

सारजाकाकूनं आपली चूल स्वतःच्या हातानं मोडली, तेव्हा तिची सासू धुरपताबाई दोन दिवस नीट जेवली नाही. "भरल्या घरची चूल मोडतात व्हय?" असं म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. पण धुरानं काकूच्या डोळ्यांची पार वाट लावली होती. धूर टाळा, नाहीतर दिसायचं बंद होईल, असं परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून वैजीनाथकाकांनी अंगणात गोबरगॅस बांधला. गंगाखेडकडच्या आमच्या गावातला तो पहिलाच.

उन्हाळ्यात गॅस वापरून सरेना. काकू शेजारपाजारच्या बायांना बोलावून बोलावून चहा पाजायची. मग थंडी पडली, काकांचा भाऊ दोन्ही बैलजोड्या घेऊन ऊसतोडीला गेला आणि शेण निम्म्यावर आलं. नको तेव्हा ढीगभर आणि हवा तेव्हा ठणठण गोपाळ! मला तर त्या गॅसचा तेव्हापासूनच राग येतो.

त्यात आली येळवस. त्या अमावस्येला शेतात पंगती बसतात, सगळं गणगोत जेवायला येतं. औंदा सगळा स्वयंपाक बिनधुराचा करणार, असं काकूनं गावभर सांगून ठेवलेलं. त्यासाठी तिनं आठवडाभर आधीच गॅस बंद केला आणि रेशनचं रॉकेल जाळून स्टोव्हवर भाकरी भाजल्या. शेणाच्या खड्ड्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी गॅस साठेल तशी वर चढत गेली. मग तिच्या कडेनं शेणाच्या पाण्यातून बुडबुडे यायला लागले. नव्या घरात दूध उतू गेलं की शुभ. काकूनं तोच हिशेब लावला आणि टाकीला हळदीकुंकू वाहिलं.

"भरून वाहायलंय बघा माझं!" ती सगळ्यांना सांगायची.

अहो, गॅस म्हणजे काय ज्वारी आहे, कणगीत भरून ठेवायला? टाकीत मावतो तो एका दिवसाचा, बाकीचा आभाळात. पण हे तिला सांगायचं कुणी? बांधून देणारा साहेब "टाकी वर आली की गॅस साठला" एवढं बोलून जीपमध्ये बसला होता.

येळवशीच्या आदल्या दिवशी पालेभाज्यांची आणि शेंगांची भज्जी अर्धी शिजली आणि शेगडीची ज्योत पिवळी पडून विझली. स्टोव्ह हलवून पाहिला, तर कोरडा. टाकी पार खाली बसलेली.

"अवो, आठवडाभराचा ग्यास गेला कुटं?"

काकांनी वाकून टाकीच्या कडेला पाहिलं. "ते बुडबुड वाजायलं होतं ना, तेच जायलं आसंल," ते म्हणाले.

धुरपताबाईनं तीन दगड आणून मांडले. "सर बाजूला, मी बसते."

"न्हाई आत्याबाई, तुमाला दमा हाय," म्हणत काकूच पुढं बसली. गोवऱ्या नव्हत्या, कारण सगळं शेण टाकीच्या पोटात गेलेलं. कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या घातल्या, तर घरात माणसाला माणूस दिसेना. काकू फुंकत राहिली आणि डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेतात पाहुणे बोटं चाटत होते. "चुलीवरच्या भज्जीची चवच न्यारी," असं जो तो म्हणत होता. मला एकेकाच्या पुढचं ताट ओढून घ्यावंसं वाटलं. काकू शेतात आलीच नव्हती.

पुढं चार दिवस ती डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडून होती. शेगडी कुणी पेटवली नाही, त्यामुळं टाकी पुन्हा भरली आणि बुडबुडे वाजायला लागले.

"अवो," काकू आतूनच ओरडली, "कुणीतरी च्या तरी ठिवा की त्याच्यावर!"