वेलीतली मोकळी जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये मी अकरा वर्षं राहतोय. दर रविवारी फोनवर मिरजेच्या दस्तगीरला मी इथल्या ज्या गल्ल्या, जे चढ, जे मळे चालता चालता सांगतोय असं भासवायचो, त्यातलं जवळजवळ काहीच मी चाललो नव्हतो. खाटेवर पडून, संगणकावर शहराची चित्रं उघडून मी ते सांगायचो. दस्तगीर जाऊन आता सात आठवडे झाले. तो गेला त्या रविवारी त्याच्याच वेळेला, त्याच्याच नंबरावरून फोन वाजला. "हां, निघालोय बघ द्राक्षमळ्याकडं," असं म्हणतच मी उचलला... पलीकडे त्याची बायको होती, शमीमभाभी. "भैया, ते गेले," एवढंच म्हणाल्या.

दस्तगीर तंबोरे करायचा. मी कराडचा. शिकायला सांगलीत आलो आणि स्वस्त पडते म्हणून मिरजेत खोली घेतली, ती त्याच्या दुकानाच्या माडीवर. तो माझ्याच वयाचा, पण बापाच्या हाताखाली दिवसभर भोपळा घासत बसलेला. सोमवारी मी गावाहून परतलो की हातातलं काम न थांबवता विचारायचा, "काय बघितलंस?" मी म्हणायचो, काही नाही. "आरं, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडत्यात तुज्या गावात, आन तू म्हणतोस काय न्हाई? डोळं काय झोपायलाच दिल्यात व्हय देवानं?" मग संगमावर पाणी कुठवर चढलं होतं, दोन नद्यांचे रंग वेगळे दिसत होते का, सगळं आठवून सांगावं लागायचं. एकदा आम्ही दोघं औंधला गेलो होतो. यमाईच्या डोंगरावर चढताना तो दर वळणाला थांबून मागं वळायचा. मी कंटाळलो तसा म्हणाला, "चढतानाच मागं बघावं गड्या. उतरताना नजर पायातच असती."

इथं आल्यावर पहिल्या वर्षी दोन-तीन रविवार मी खरंच हिंडलो. अजिंक्यताऱ्याच्या कुशीत सातारा आहे, तसं हे शहर टेकड्यांच्या खोलगटीत बसलंय. एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात जायला घरांच्या मधून दगडी पायऱ्या आहेत, शेकड्यांनी, आणि वस्तीच्या मधेच द्राक्षाचे मळे. दस्तगीरचे गुडघे तोवर कामातून गेले होते; मशिदीपर्यंत जायलाही रिक्षा लागायची. "तू चाल, मी बसल्या जागी येतो," म्हणायचा. पुढं माझंच चालणं सुटलं. आळस म्हणावा की काय, मला आजही नीट सांगता येत नाही. आठवडाभराच्या कामानंतर माझ्यात काही उरत नसे. पण फोन यायचा, आणि "आज गेलो नाही" हे म्हणायला जीभ रेटायची नाही.

"द्राक्षाला मांडव हाय का रं?" तो विचारायचा. मी चित्र मोठं करून बघायचो. "मांडव नाही. खांब आणि तारा. उतार आहे ना." "तासगावकराला आणून दाखवाय पायजे!" आणि खूश व्हायचा. असाच एकदा मी चारशे पायऱ्या 'चढत' होतो. तारेखाली दोरा केसभर सरकवून आवाज लावणारा कान त्याचा... म्हणाला, "दिल्या, तुला दम कसा लागत न्हाई रं?" "सवय झाली," मी म्हणालो. तो हसला. पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या रविवारी मात्र म्हणाला, "त्या वळणावरचं अक्रोडाचं झाड सांगतोस न्हवं? त्याचं एक पान धाड. तंबोऱ्यावर कोरतो." मी म्हणालो, पानगळ झाली. मग म्हणालो, बर्फ आहे. मग, पुढच्या वेळी नक्की. अशी तीन वर्षं गेली. तो मला खाटेवरून उठवत होता, हे कळायला त्याचं मरण लागलं.

त्याच्या चाळिसाव्या दिवशी मी मिरजेत होतो. दुकानात भिंतीला एक तंबोरा टेकून ठेवलेला, तारा न चढवलेला. भोपळ्याच्या गळ्याभोवती पानांची वेल कोरलेली, आणि वेलीच्या मधोमध पानाएवढी जागा मोकळी. "दोनदा गिऱ्हाईक आलं, दिला न्हाई," भाभी म्हणाल्या. "म्हणायचे, दिल्याचं पान यायचंय. कामात असंल बिचारा." मग विचारलं, "आणलंत काय भैया?" मी म्हणालो, घाईत विसरलो. त्याच्या दुकानात, त्याच्या माघारी, आणखी एक खोटं.

परत आलो आणि गेल्या रविवारी त्या पायऱ्या चढलो. तिसऱ्या वळणाला छाती फुटेल असं झालं. थांबलो, मागं बघितलं. खाली कौलांचा लाल उतार, पलीकडच्या टेकडीवर तसाच दुसरा. वळणावर अक्रोडाचं झाड नाही. कधी नव्हतंच बहुतेक. चित्र ओकंबोकं वाटलं म्हणून मीच ते लावलं असणार. तिथं मळ्याची दगडी भिंत आहे. उन्हानं तापलेली, हात ठेवला तर चुलीजवळच्या भिंतीसारखी ऊब, आणि फटीफटीत पाली ऊन खात बसलेल्या. या भिंतीवर दस्तगीरनं मला अर्धा तास पिडलं असतं. भिंतीच्या टोकाला एक झाड आहे, नाव मला माहीत नाही. पान तोडायला हात वर केला, आणि तसाच खाली घेतला. हे कुठलं म्हणून भाभींना सांगू?

दस्तगीरला मी एक पान देणं लागतो. आणि शमीमभाभींना, हा लेख छापून त्यांच्या हाती पडण्याआधी, एक फोन.