टेबलाखालची बाटली

ते गृहस्थ दिल्लीतल्या आमच्या कार्यालयात दोनदाच आले. आपल्याकडच्या एका दुष्काळी शहराच्या नगरपालिकेत अभियंता होते, निवृत्तीला आलेले. नाव विचारायचं राहूनच गेलं. नळ कोरडे पडले होते आणि शहरातल्या जुन्या विहिरींत कारखान्यांचं सांडपाणी झिरपलं होतं. त्या साफ करायला त्यांना केंद्राचा निधी हवा होता.

मला दाखवायला त्यांनी विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळून, टेबलाखाली पायाशी ठेवलेलं. चहा आला तशी त्यांनी बाटली आणखी आत सरकवली.

“अहो, ठेवा की वर,” मी म्हणालो.

“नको साहेब. चुकून कुणीतरी प्यायचं.”

पाणीतपासणीचा अहवाल जुना होता, म्हणून मी प्रस्ताव परत पाठवला. नियमच होता तसा. पण सवलतीची शिफारस करणारी एक ओळ मला लिहिता आली असती. त्या दिवशी शुक्रवार होता, सरोजिनी नगरच्या क्वार्टरवर पाहुणे यायचे होते आणि मला टेबल रिकामं करायचं होतं. केलं.

मे महिन्यात ते पुन्हा आले. मी सवयीनं विचारलं, “नवा अहवाल आणलात ना?”

त्यांनी पिशवीतून तीच बाटली काढली आणि या वेळी थेट माझ्या फायलींवर ठेवली. आत काहीच नव्हतं.

“नमुना कशाचा घेऊ, साहेब? विहिरी आटल्या. आता चुकून प्यायलाही काही उरलं नाही.”