सुमनवहिनीची विहीर

विहिरीच्या कठड्यावर हिरव्या बांगड्या ठेवल्या होत्या, शेजारी नारळ आणि खण. भर दुपार होती, तरी रिक्षावाल्याने तिथे वेग वाढवला आणि मागे न बघता म्हणाला, "ताई, इथं बाईनं हाक मारली तर ओ देऊ नका. माणूस असेल तर तीनदा हाक मारतं. भूत एकदाच मारतं."

माझं डोकं तापलं. ही विहीर माझ्या माहेरच्या गावची, आणि ज्या बाईला हा भूत म्हणत होता ती आमच्या शेजारची सुमनवहिनी. नवरा मारायचा तेव्हा ती माझ्या आईला हाका मारायची. तीनदा नाही, मार थांबेपर्यंत. आमच्या घरात कुणीतरी उठून रेडिओ मोठा करायचं. मग एका सकाळी ती या विहिरीत सापडली.

आता बायका दर अमावास्येला तिची ओटी भरतात. तिच्या हातातल्या बांगड्या रोज फुटायच्या तेव्हा यांतली एकही तिच्या दारात गेली नव्हती. नवरा अजून पारावर पान चघळत बसतो. त्याच्यासमोरून जाताना कुणी वेग वाढवत नाही. गावाला भीती वाटते ती मेलेल्या बाईची.

वळण मागे पडलं तसा रिक्षावाला सैलावला.

"काही ऐकू आलं नाही ना, ताई?"

"लहानपणी रोज यायचं," मी म्हटलं. "ओ न देण्याची सवय तेव्हाचीच आहे आमची."